गप्प राहून केलेला सौदा

जुनी वस्तू स्वस्तात मिळाली की आपल्याला आनंद होतो. घरी आणून आपण ती चारचौघांना दाखवतो आणि "किती दिले असतील, ओळखा पाहू" असे विचारतो. समोरच्याने दुप्पट रक्कम सांगितली की छाती फुगते. नीतिसूत्रांच्या पुस्तकात अशा गिऱ्हाइकाचे मार्मिक चित्र आहे. घेताना तो वस्तूला नावे ठेवतो आणि दुकानाबाहेर पडला की आपल्या हुशारीची फुशारकी मारतो. बाजारातील माणूस एवढ्या काळात फारसा बदललेला दिसत नाही.

स्वस्तात घेण्यात पाप नाही. काटकसर हा सद्गुणच आहे. परंतु ह्या आनंदात अन्याय नेमका केव्हा शिरतो, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत. त्यासाठी उदाहरण घेत आहोत ते गिटारच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचे. ते निवडण्याचे कारण असे की, डोळ्यांना दिसणारी किंमत आणि खरी किंमत ह्यांत एवढे प्रचंड अंतर असलेल्या वस्तू फार थोड्या असतात.

आपल्या गायकवृंदात किंवा लग्नाच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या तरुणांना अ‍ॅम्प म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचा आवाज नुसता फारसा ऐकू येत नाही. तारांच्या कंपनातून विजेची एक क्षीण लहर निर्माण होते. अ‍ॅम्प त्या लहरीला बळ देतो आणि स्पीकरपर्यंत पोहोचवतो. जुन्या रेडिओत असत तसे काचेचे व्हॉल्व्ह ह्या अ‍ॅम्पमध्ये असतात. व्हॉल्व्हवर ताण पडला की आवाजाला एक प्रकारचा कढ येतो, आणि गिटारवादक त्या कढासाठी जीव टाकतात. म्हणूनच आजच्या युगातही व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प टिकून आहेत.

अमेरिकेत लिओ फेंडर ह्यांनी 1946 साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे आपली कंपनी स्थापन केली. त्यांच्या 'बासमन' ह्या अ‍ॅम्पच्या रचनेवरून 1962 साली लंडनमध्ये जिम मार्शल ह्यांच्या दुकानात पहिला मार्शल अ‍ॅम्प तयार झाला. हे कारखान्यांचे काम झाले. पुढे काही कारागीर असे निघाले, की जे एकेक अ‍ॅम्प स्वतःच्या हाताने, एकेक तार जोडून बनवत. कपड्यांच्या बाबतीत आपण 'बुटीक' म्हणतो, तसेच ह्या अ‍ॅम्पनाही बुटीक अ‍ॅम्प म्हणू लागले. कॅलिफोर्नियातील अलेक्झांडर डम्बल हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध नाव. त्यांनी आयुष्यभरात सुमारे तीनशे अ‍ॅम्प बनवले असे मानले जाते. आपली रचना कोणी उचलू नये म्हणून ते आतल्या भागांवर घट्ट राळ ओतून ठेवत. न्यू जर्सीमधील केन फिशर आपल्या 'ट्रेनरेक' अ‍ॅम्पना क्रमांकाऐवजी स्त्रियांची नावे देत. फिशर 2006 साली वारले, डम्बल 2022 साली. करणारे हात गेले आणि मागे राहिलेल्या पेट्यांची किंमत आभाळाला भिडली. डम्बलच्या एका अ‍ॅम्पला एक लाख डॉलरहून अधिक रक्कम मोजली गेली आहे. रुपयांत हा आकडा ऐंशी लाखांच्या पुढे जातो. त्यात नादाची किंमत किती आणि नावाची किती, हा वाद गिटारवादकांनी खुशाल घालावा.

आता एक प्रसंग कल्पू या. अमेरिकेत घर रिकामे करताना सामान दारात मांडून विकण्याची पद्धत आहे. एका गावात एक वृद्ध विधवा आपल्या पतीचे सामान अशा रीतीने विकत आहे. पती हौशी वादक होता. खुर्च्या, भांडी, पुस्तके ह्यांच्या रांगेत एक धुळकट काळी पेटी आहे. तिच्यावर चिठ्ठी लावली आहे: तीनशे डॉलर. गिटारचा जाणकार असलेला एक तरुण तेथे येतो. पेटीवरील नाव पाहताच त्याचे काळीज धडधडू लागते. बाईला वाटते आहे की आपण एक जुनाट यंत्र विकत आहोत. त्याला माहीत आहे की त्या पेटीच्या किमतीत तिचे उरलेले आयुष्य निर्धास्तपणे जाईल. त्याने काय करावे? तीनशे डॉलर टेकवून पेटी गाडीत घालावी, की तोंड उघडावे?

पुष्कळ लोक म्हणतील, घ्यावी. त्यांची बाजू पोकळ नाही, म्हणून ती नीट ऐकली पाहिजे. पहिले म्हणणे असे की, ज्ञान फुकट मिळत नाही. जुन्या अमेरिकन अ‍ॅम्पमधल्या सुट्या भागांवर आकडे छापलेले असतात. आवाज कमीजास्त करण्याच्या खुंटीच्या मागे 137 ने सुरू होणारा आकडा असला, तर ती सीटीएस कंपनीची. पुढचे अंक तिचे वर्ष आणि आठवडा सांगतात. ही लिपी वाचायला शिकण्यात माणसाने वर्षे घातलेली असतात. रत्नपारख्याने आपल्या पारखीचे पैसे का घेऊ नयेत? दुसरे म्हणणे असे की, किंमत बाईनेच ठरवली आहे, कोणी तिच्यावर जबरदस्ती केलेली नाही. चौकशी करणे तिच्याही हाती होते.

कायदाही ह्या बाजूला काही प्रमाणात उभा राहतो. 1815 साली अमेरिका आणि ब्रिटन ह्यांच्यातील युद्धामुळे न्यू ऑर्लिन्स बंदराची नाकेबंदी झाली होती व तंबाखूचा भाव पडला होता. तह झाल्याची बातमी ऑर्गन नावाच्या व्यापाऱ्याला भल्या सकाळी कळली. ती गावभर होण्याआधी त्याने लेडलॉ कंपनीकडून एकशे अकरा पिंपे तंबाखू पडत्या भावात खरेदी केला. बातमी फुटली आणि भाव तीस ते पन्नास टक्क्यांनी चढला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1817 साली सरन्यायाधीश जॉन मार्शल ह्यांनी निकाल दिला की, दोघांनाही मिळू शकणारी बाहेरची बातमी आपणहून सांगण्यास गिऱ्हाईक बांधलेले नाही. मात्र समोरच्याची फसगत होईल असे काही बोलू वा करू नये, अशी पुस्तीही त्यांनी जोडली आणि खटला फेरसुनावणीसाठी परत पाठवला.

येथे थोडे थांबून पाहू या. तंबाखू विकणाऱ्याला आपण तंबाखू विकतो आहोत हे ठाऊक होते. उद्याचा भाव तेवढा ठाऊक नव्हता. आपल्या उदाहरणातील बाईला आपण काय विकतो आहोत हेच ठाऊक नाही. भावाबद्दलचे अज्ञान वेगळे आणि वस्तूबद्दलचे अज्ञान वेगळे, ही गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे.

शेतकरी वाचकांना हा फरक एका गाईच्या गोष्टीतून पटेल. मिशिगन राज्यात एका मालकाने आपली जातिवंत गाय वांझ समजून ऐंशी डॉलरच्या आसपास विकण्याचे ठरवले. घेणाराही तसेच समजत होता. ताबा देण्याआधी कळले की गाय गाभण आहे, म्हणजे तिची किंमत साडेसातशे ते हजार डॉलर. मालकाने गाय द्यायचे नाकारले. 1887 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याची बाजू उचलून धरली. वांझ गाय आणि दुभती होऊ शकणारी गाय ही जणू दोन निरनिराळी जनावरे आहेत, असा त्या निकालाचा आशय होता. तेथे दोघेही अंधारात होते, तरी सौदा टिकला नाही. मग एक अंधारात आणि दुसऱ्याच्या हातात दिवा असताना केलेल्या सौद्याबद्दल काय म्हणावे?

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस ह्यांनी खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक सबंध प्रश्न खर्ची घातला आहे. त्यात आपलेच उदाहरण जवळजवळ जसेच्या तसे येते. कोणी पितळ समजून सोने विकत असेल आणि घेणाऱ्याला ते सोने आहे हे कळत असेल, तर घेणारा अन्यायाने घेतो, आणि त्याने भरपाई करणे बंधनकारक आहे, असे ते स्पष्ट सांगतात. बाजारभावाच्या बाबतीत मात्र तेच संत सौम्य आहेत. दुष्काळी गावात धान्य घेऊन पोहोचलेल्या व्यापाऱ्याला मागून आणखी गाड्या येत आहेत हे माहीत असले, तरी ते न सांगता चालू भावाने विकण्यात न्यायाचा भंग होत नाही. सांगितले तर ते अधिक चांगले, इतकेच ते म्हणतात. म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या व्यापाऱ्याला त्यांनी बहुधा सोडले असते. काळी पेटी उचलणाऱ्या तरुणाला त्यांनी परत पाठवले असते.

हे केवळ पुस्तकी तत्त्व आहे असे कोणी समजू नये. संत ऑगस्टीन आपल्या ओळखीच्या एका माणसाची हकीकत सांगतात. त्याला कोणीतरी एक ग्रंथ विकायला आणला. विकणाऱ्याला त्याचे मोल माहीत नव्हते, म्हणून त्याने अगदी थोडे पैसे मागितले. घेणाऱ्याने न मागता पूर्ण किंमत त्याच्या हातावर ठेवली. त्याहीपूर्वीच्या रोममध्ये स्कीव्होला नावाचा एक गृहस्थ शेत विकत घेत होता. मालकाने किंमत सांगितली. स्कीव्होला म्हणाला की आपल्या मते ह्याची किंमत जास्त आहे, आणि त्याने वर एक लाख नाणी जोडली. सिसेरोने ही गोष्ट लिहून ठेवली आहे. लोक काय म्हणत, तेही त्याने नोंदवले आहे: माणूस भला, पण शहाणा नव्हे! हा शेरा आपल्या ओळखीचा वाटतो. शहाणपण आणि भलेपण ह्यांची अशी फारकत केली की पुढचे सगळे सोपे होते.

येथे एखादा वाचक आम्हाला अडवील. शेतात लपवलेली ठेव सापडल्यावर ती पुन्हा लपवून, शेतच विकत घेणाऱ्या माणसाचा दाखला स्वतः प्रभूने दिला आहे ना? दिला आहे. परंतु त्या दाखल्यात कौतुक आहे ते सर्वस्व विकण्याच्या तयारीचे. खरेदीखत कसे करावे ह्याचा तो धडा नाही. अन्यायी कारभाऱ्याच्या दाखल्यावरून कोणी हिशेबाच्या वह्या खोडायला शिकत नाही, तसेच हेही.

आता दुसरी बाजूही पाहू, कारण विकणारा नेहमीच भोळा असतो असे नाही. महागड्या जुन्या अ‍ॅम्पच्या बाजारात अनेकदा जाणता विकणारा आणि भाळलेला गिऱ्हाईक अशी जोडी असते. डम्बलच्या अ‍ॅम्पमध्ये राळेखाली काय आहे ते दिसत नाही, आणि जेथे दिसत नाही तेथे नकली माल शिरण्यास वाव मिळतो. कोणी मूळ ट्रान्सफॉर्मर जळाल्यावर दुसरा बसवलेला असतो आणि तरी "सगळे मूळचे आहे" असे सांगतो. आतले कपॅसिटर पंधरा-वीस वर्षांत सुकतात. ते बदलले आहेत की नाहीत हे पेटी उघडल्याशिवाय कळत नाही. उघडण्यातही धोका असतो, कारण वीज बंद केल्यावरही चारशे व्होल्टच्या वरचा भार आत साठून राहू शकतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो.

अक्वायनस ह्याबाबत जे सांगतात ते गुरांच्या बाजारात वावरलेल्या कोणालाही पटेल. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते सर्वांना दिसते. ते वेगळे सांगण्याची गरज नाही, किंमत मात्र त्याप्रमाणे कमी करावी. जो दोष दिसत नाही आणि ज्याने घेणाऱ्याचे नुकसान होईल किंवा जिवाला अपाय होईल, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. अ‍ॅम्पवरचे रेक्झीन फाटले आहे हे दिसतेच. आतला ट्रान्सफॉर्मर बदललेला आहे हे सांगावे लागते. परदेशात असलेल्या आपल्या माणसांनाही ही गोष्ट लागू आहे. अमेरिकेत वीज 120 व्होल्टची, आपल्याकडे 230 ची. तिकडून आणलेला अ‍ॅम्प इकडे विकताना, तो थेट आपल्या प्लगला लावता येणार नाही, मध्ये व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर लागेल, एवढे सांगायला कितीसे श्रम पडतात? न सांगितल्यास घेणाऱ्याचे पैसे एका क्षणात धुरात जातील.

म्हणजे नियम दोन्हीकडे सारखाच आहे. वस्तू खरोखर काय आहे हे ज्याला माहीत आहे त्याने ते सांगावे, मग तो विकणारा असो वा घेणारा. त्यानंतर घासाघीस जरूर करावी. चिठ्ठीवरील आकड्यापेक्षा शंभर रुपये कमी द्यायचे की दोनशे, ह्यात कोणाचा आत्मा धोक्यात येत नाही. समोर जुन्या वाद्यांचा मुरलेला दुकानदार बसला असेल, तर त्याला त्याच्याच दुकानातील माल शिकवण्याची जबाबदारीही आपल्यावर तेवढीशी राहत नाही. पारख करणे हा त्याचा धंदा आहे आणि त्याचीच तो कमाई खातो. विधवेच्या अंगणात उभे असताना मात्र हे उत्तर पुरत नाही.

मग जाणकाराच्या श्रमांचे काय? त्यांचे मोल त्याने उजळ माथ्याने मागावे. "बाई, ही पेटी साधी नाही. हिचे खरे गिऱ्हाईक मी शोधून देतो, माझ्या मेहनतीचे एवढे टक्के द्या," असे म्हणण्यात काही गैर नाही. किंवा आपल्या ऐपतीप्रमाणे रास्त रक्कम सांगावी आणि निर्णय तिच्यावर सोपवावा. ती कदाचित म्हणेल, "माझ्या नवऱ्याला ही फार आवडायची. तू वाजवणारा दिसतोस, तूच ने." तसे झाले तर ती तिची देणगी होईल. जे ती जाणूनबुजून देते ते दान. जे आपण तिच्या अज्ञानातून काढून घेतो त्याला दान म्हणता येत नाही. पेटी दोन्ही वेळा तीच असते आणि कदाचित रक्कमही तीच असेल.

ह्या अ‍ॅम्पच्या इतिहासात मोठ्या मनाचेही एक पान आहे. 1982 साली गायक जॅक्सन ब्राऊन ह्यांनी लॉस एंजेलिसमधील आपला स्टुडिओ स्टीव्ही रे व्हॉन ह्या टेक्ससच्या, तेव्हा फारशा प्रसिद्ध नसलेल्या गिटारवादकाला काही दिवस विनामूल्य वापरू दिला. तेथील ब्राऊन ह्यांचाच एक डम्बल अ‍ॅम्प व्हॉनने वाजवला. 1983 साली निघालेला त्याचा पहिला संग्रह त्या ध्वनिमुद्रणातून झाला, आणि डम्बलच्या नावाला पुढे जी झळाळी आली तिच्यात त्या नादाचाही वाटा आहे. ज्या वस्तूंच्या किमतीपायी माणसे तोंड मिटून बसतात, त्यांतल्या एकीची कीर्ती अशी एकाने दुसऱ्याला मोकळ्या मनाने वापरू दिल्याने वाढली.

शेवटी आपल्या देशाच्या कायद्याकडे वळू. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे 17 वे कलम सांगते की नुसते गप्प राहणे ही फसवणूक ठरत नाही, बोलण्याचे कर्तव्य असेल तरच ती ठरते. कायद्यातच उदाहरण दिले आहे. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोडा रोगट आहे हे त्याला माहीत आहे, पण तो काही बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. लगेच दुसरे उदाहरण येते. घेणारी त्या माणसाची मुलगी आहे आणि नुकतीच सज्ञान झाली आहे. आता मात्र नात्यामुळे सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते.

घोडा तोच, रोग तोच, गप्प बसणेही तेच. बदलले ते फक्त नाते. परक्याशी गप्प राहण्याची मुभा कायदा देतो, पोटच्या मुलीशी देत नाही. कायद्याला कोठेतरी रेघ ओढावीच लागते आणि त्याने ती घराच्या उंबऱ्यावर ओढली. आपण ती कोठे ओढतो हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारायचा आहे. तो विचारण्यासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नाही. म्हाताऱ्या आईच्या जुन्या दागिन्यांना सोनाराने काय म्हटले, भंगारवाल्याने पितळेचा हंडा कशाच्या भावाने नेला, रस्ता कोठून जाणार हे आधीच कळलेल्याने शेजाऱ्याची वाडी कितीला घेतली, ह्या आपल्याच गावच्या गोष्टी आहेत. काही ठिकाणी केवळ भावाचे अज्ञान असेल, काही ठिकाणी वस्तूचेच. दोन्हीकडे उंबऱ्यापलीकडचा माणूस आपल्याला कोण वाटतो, ह्यावर बरेच अवलंबून आहे.

ज्यांना एवढा काथ्याकूट नको असेल त्यांच्यासाठी एक सोपी कसोटी आम्ही सुचवतो. सौदा ठरला की पावती लिहावी आणि तिच्यावर वस्तूचे खरे नाव घालावे. "जुनी काळी पेटी" असे न लिहिता कारागिराचे नाव, वर्ष, जे आपल्याला ठाऊक आहे ते सर्व लिहावे, आणि विकणाऱ्याला ते मोठ्याने वाचून दाखवून मग सही घ्यावी. एवढे करूनही सौदा टिकला, तर वस्तू आनंदाने घरी न्यावी आणि चारचौघांना दाखवावी. "किती दिले असतील, ओळखा पाहू" असे मग तिच्यासमोरही विचारता येईल.